साडूंचं शून्य

कार्तिकातल्या एका गुरुवारी सकाळी साडेसहाला माझे साडू वारले. ताईंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. मी चपला घातल्या आणि त्यांच्या घरी गेलो.

या जगात खरं शून्य फक्त दोन ठिकाणी आहे, असं माझे साडू मानत. एक गणिताच्या पुस्तकात आणि दुसरं कोथरूडमध्ये, त्यांच्या गॅरेजातल्या टेबलावर. बाकी सगळीकडे शून्य म्हणून जे चालतं ते शून्याच्या आसपासचं काहीतरी असतं आणि लोक ते आळसाने खपवून घेतात, असं त्यांचं म्हणणं. गॅरेज होतं, पण गाडी कधीच नव्हती. तिथे इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांची आतली यंत्रणा तयार होई, म्हणजे साडू ती एकटे तयार करत आणि बाहेरून येणाऱ्याला दारातच थांबवत. दार उघडलं की वारा येतो, वारा आला की तापमान बदलतं आणि तापमान बदललं की शून्य हलतं. पाहुण्याच्या येण्याने यजमानाचं शून्य हलतं, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा माणूस पुण्यातसुद्धा मी दुसरा पाहिला नाही.

मला विजेतलं काही कळत नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. घरातला फ्यूज उडाला तर मेणबत्ती लावून पुढे वाचत बसणारा. तरी साडूंचा मुख्य सिद्धांत मला पाठ आहे, कारण तो न ऐकता त्यांच्या घरचा चहा पिऊन परत येणं शक्य नव्हतं. तो असा. ऑपअँप नावाची एक वस्तू असते. काळी, नखाएवढी, आठ पायांची; तिला आयसी असंही म्हणतात. तिला दोन कान असतात आणि दोन्ही कानांना जे ऐकू येतं त्यातला फरक ती शेकडो पटींनी मोठा करून सांगते. दोन्ही कानांत एकच गोष्ट सांगितली तर फरक काहीच नाही, म्हणून तिने गप्प बसायला हवं. ती बसत नाही. कारखान्यातून येतानाच तिचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित तिखट असतो. हे किंचित म्हणजे एखाद-दोन मिलिव्होल्ट. पण मोठं करून सांगणं हेच तिचं काम असल्यामुळे स्वतःचा दोषही ती तितक्याच निष्ठेने मोठा करून सांगते. याला ऑफसेट म्हणायचं. तो घालवायचा तर तिच्या पहिल्या आणि पाचव्या पायांमध्ये प्रीसेट नावाचा एक इवलासा स्क्रू बसवायचा, तिचे दोन्ही कान एकत्र बांधायचे आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत तो स्क्रू फिरवत राहायचं. साडूंचं आयुष्य या फिरवण्यात गेलं.

एवढ्यावर थांबले असते तर त्यांना लोकांनी नुसतं तंत्रज्ञ म्हटलं असतं. पण त्यांनी हा सिद्धांत नातेवाइकांना लावला. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले की हलक्या आवाजात, म्हणजे तिसऱ्या पानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, ते माणसं मोजत. "तो समोरचा बघा. गप्प बसला तरी दोन मिलिव्होल्ट बोलतो." आमच्या एका मामेसासऱ्यांना त्यांनी थेट नऊ दिले होते आणि "हे प्रीसेटने भागणारं नाही, आख्खी आयसी बदलायला लागेल," असा शेरा मारला होता. मामेसासरे विमा विकत. मला त्यांनी अर्धा मिलिव्होल्ट दिला. मी सुखावलो, तेवढ्यात ते म्हणाले, "हुरळू नका ग्रंथपाल. तुम्ही मोठं करून काही सांगतच नाही, मग दोष दिसणार कुठून?" स्वतःचा आकडा मात्र त्यांनी कधी सांगितला नाही. एकदा धीर करून विचारलं, तर स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता म्हणाले, "ज्या मीटरने मोजायचं त्यालाच मोजत बसलो तर काम कधी करायचं?"

दुसरा सिद्धांत अर्ध्या तासाचा. कुठलंही यंत्र चालू केल्यावर पहिला अर्धा तास ते खोटं बोलतं, नीट तापलं की मग खरं बोलायला लागतं, म्हणून तोवरचा कुठलाही आकडा धरायचा नाही. याची झळ मला लग्नाआधीच बसली. मुलगी बघायला आम्ही गेलो, तेव्हा साडू त्या घरचे थोरले जावई म्हणून समोरच्या खुर्चीवर बसले होते. कांदेपोहे आले. त्यांनी मला विचारलं, "आवड कशाची?" मी म्हणालो, "वाचनाची." त्यांनी मान हलवली, घड्याळाकडे पाहिलं आणि गप्प झाले. इतरांनी पगार, गोत्र, गाव सगळं उरकलं. बरोबर अर्ध्या तासाने साडूंनी खुर्ची पुढे सरकवली आणि सगळ्यांसमोर पुन्हा विचारलं, "हं. आता सांगा, आवड कशाची?" मी घाबरून पुन्हा वाचनाचीच म्हणालो. ते सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "स्थिर आहे. द्यायला हरकत नाही." माझं लग्न अशा रीतीने ठरलं. पत्रिका नंतर जुळवली.

तिसरी खोड रिकाम्या काट्याची. माल घेण्याआधी काटा रिकामा करून दाखवा, असा त्यांचा हट्ट. मंडईतल्या बायका त्यांना लांबून ओळखत आणि काट्याची पारडी आधीच उलटी करून ठेवत. मार्केट यार्डात बटाट्याचे एक आडते होते, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातच राहिलेले, दाढी पांढरी, बोलणं आमच्याहून शुद्ध. साडूंना यार्डातल्या काट्यांचं कुतूहल, म्हणून एकदा मला घेऊन ते तिथे गेले आणि मोठ्या काट्यापुढे उकिडवे बसून तो रिकामा असताना न्याहाळत राहिले. मागे हमाल पोती पाठीवर घेऊन खोळंबले. आडत्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"साहेब, आपल्याला काय हवंय?"

"काही नको. याचं शून्य बघतोय."

"बघा, बघा. सगळे बटाटे बघायला येतात, बटाटे नसलेले बघायला आपणच पहिले."

"अहो, हा रिकामा असताना अर्धा किलो दाखवतोय!"

"मग उरलेलं त्याच्या पोटात असेल. साहेब, हमालांच्या पाठीवर पन्नास-पन्नास किलो आहेत. ते आधी उतरवू का, आपलं शून्य आधी उतरवू?"

साडू बाजूला झाले, पण हमाल मोकळे झाल्यावर त्यांनी तो काटा दुरुस्त करून दिला. आडत्यांनी त्यांना चहा पाजला. परत येताना साडू म्हणाले, "सज्जन माणूस. जेमतेम एक मिलिव्होल्ट."

आणि नेलपॉलिश. स्क्रू एकदा शून्यावर आणला की तो पुन्हा हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचा, ही त्या धंद्यातली जुनी रीत आहे. साडू फक्त गडद लाल वापरत. ते आणायला ते स्वतः तुळशीबागेत जात आणि बांगड्यांच्या दुकानात बायकांच्या घोळक्यात उभे राहून बाटल्यांची झाकणं उघडून वास घेत. लवकर वाळणारं कुठलं ते त्यांना वासावरून कळे. दुकानदाराने एकदा अदबीने विचारलं, "वहिनींना कुठला रंग आवडतो?" साडू म्हणाले, "त्या लावत नाहीत. माझ्यासाठीच हवंय." दुकानदाराने पुढे कधी काही विचारलं नाही. ताईंनी आयुष्यात नखांना रंग लावला नव्हता. त्या म्हणत, "या घरात शृंगार कुणाचा होतो, तर स्क्रूंचा."

असे हे साडू एका वर्षी लहान मुलांच्या वजनकाट्याकडे वळले. तान्ह्या बाळांचं वजन करायला प्रसूतिगृहांत तेव्हा डब्यांसारखे दिसणारे जुने काटे असत, ते साडूंना सहन होईनात. त्यांनी दहा-अकरा नवे काटे बनवले. त्यांवर लाल आकडे उमटत आणि ग्रॅम दिसत. अशा प्रत्येक काट्यावर बाहेरून शून्य जुळवायची एक खुंटी ठेवण्याची पद्धत असते. साडूंनी ती ठेवली नाही. "खुंटी दिसली की येणारा-जाणारा फिरवणार. मी आतून शून्य करून दिलंय, ते लोकांच्या हातात कशाला?" शिवाय ज्या धातूच्या पट्टीवर बाळाचा भार येतो, त्या पट्टीचाही आपला एक वेगळा दोष असतो, तो दुरुस्त करायला खरं तर दुसरा स्क्रू लागतो. साडूंनी तोही वाचवला. ऑपअँपचा दोष घालवायचा जो स्क्रू, तोच थोडा जास्त फिरवून त्यांनी पट्टीचा दोषही त्यातच जिरवला. "एका स्क्रूत दोन दुखणी," असं ते मला अभिमानाने म्हणाल्याचं आठवतं. वर लाल थेंब टाकला, झाकण बंद केलं आणि प्रत्येक काट्याबरोबर स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी दिली: "शून्य तपासण्याची आवश्यकता नाही. ते तपासलेले आहे."

त्यातला एक काटा आमच्या घराजवळच्या प्रसूतिगृहात गेला. त्याच थंडीत आमची मुलगी तिथे जन्मली. दिवस भरायच्या पाच आठवडे आधी, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरलं. ते उतरतंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चढायला लागेल. नवव्या दिवशी दहा ग्रॅम उतरलं. दहाव्या दिवशी आणखी वीस. अकराव्या दिवशी आणखी. थंडी वाढली होती, म्हणून वजनाच्या खोलीत एक हीटर लावला होता, मग दुसरा लावला, आणि उघड्या अंगाने बाळाला गारठा लागू नये म्हणून काटा उचलून त्या दोन हीटरांच्या मध्ये ठेवला होता. सगळे बाळाची इतकी काळजी घेत होते.

बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज अकरा वाजता वजन करू. आजही उतरलं, तर मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं. नळीने दूध द्यावं लागेल. एवढ्या लहान बाळाला मी आणखी थांबवणार नाही." बायको पलंगावर बसून होती. भेटायला आलेल्या आत्यांनी आणि माम्यांनी तिला आदल्या दोन दिवसांत पुरेसं सांगितलं होतं. दूध कमी असेल, पातळ असेल, डिंकाचे लाडू खाल्ले नसतील. मुलगी पीत असताना ती फक्त तिच्या गळ्याकडे बघत राही. मी खिडकीशी एक पुस्तक उघडून बसलो होतो. ते कुठलं होतं ते मला सांगता येणार नाही.

अकराला दहा मिनिटं असताना साडू आले. डोक्याला माकडटोपी, हातात ताईंनी दिलेला आळिवाच्या खिरीचा डबा. डबा माझ्याकडे देऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काटा कसा चाललाय?"

माझ्या बायकोने बारा दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवला. "भावोजी, माझी मुलगी वाळत चाललीय आणि तुम्हाला काट्याचं पडलंय?"

साडू टोपी काढून म्हणाले, "वाळतेय? किती?"

तिने आकडे सांगितले. दहा, वीस, तीस. साडूंनी ते पुटपुटत पुन्हा म्हटले आणि वजनाच्या खोलीत शिरले. मी मागोमाग गेलो. आत दोन्ही हीटर लालबुंद होते. काट्याच्या वरच्या तव्यावर, म्हणजे बाळ ठेवायच्या ताटलीवर, घडी घातलेलं दुपटं होतं आणि आकडा वीस होता. सिस्टर बाळ आणायला निघाल्या होत्या.

"हे दुपटं किती ग्रॅमचं?" साडूंनी विचारलं.

"ऐंशी. आलेल्या आकड्यातून ऐंशी वजा करतो आम्ही. पाठच झालंय."

"मग आत्ता वीस का दाखवतोय?"

सिस्टर थांबल्या. "बाळ नसताना कोण बघतं तिकडे? दुपटं तर कायम वरच असतं. थंड लागतो ना तवा."

साडूंनी दुपटं उचललं. काटा रिकामा झाला. आकड्याच्या आधी एक आडवी रेघ उमटली आणि तिच्यापुढे साठ. उणे साठ. रिकाम्या काट्यापुढे अर्धं आयुष्य उकिडवा बसलेला तो माणूस स्वतःच्या काट्यापुढे तसाच उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय झालंय?"

"शून्य सरकलंय," साडू म्हणाले. "उष्णतेने. जेवढे तुम्ही हीटर लावलेत तेवढं खाली गेलंय."

"पण तुम्हीच लिहून दिलंत ना, शून्य तपासायची गरज नाही म्हणून? आम्ही ती चिठ्ठी फाइलला लावलीय."

"हो. मीच लिहिलंय."

त्यांनी दोन्ही हीटर बंद केले, खिडकी उघडली आणि म्हणाले, "अर्धा तास थांबायला लागेल." मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अर्ध्या तासाचा राग आला नाही. बाळाला शेजारच्या खोलीत उबेत ठेवलं. सिस्टर, डॉक्टरीणबाई, मी आणि शाल पांघरून भिंतीला धरून आलेली माझी बायको, असे आम्ही त्या गारठणाऱ्या खोलीत एका रिकाम्या काट्याकडे बघत उभे राहिलो. उणे साठ. उणे बावन्न. उणे चाळीस. मध्येच सिस्टर म्हणाल्या, "देवा, चढतंय बघा," आणि कुणालाही हसू आलं नाही. साडू तोवर कुणी न विचारता बोलत होते, भिंतीकडे तोंड करून. त्या आठ पायांच्या काळ्या किड्याला स्वतःचा दोष असतो, तेवढाच त्या स्क्रूने काढायचा असतो. दुसऱ्याचा दोषही त्याच स्क्रूने काढला तर थंडीत सगळं बरोबर दिसतं आणि उष्णता वाढली की तो घसरायला लागतो. हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यांनी स्क्रू वाचवला होता.

काटा शून्यावर आला, तसे साडू बाजूला झाले. त्यांनी बाळाला हात लावला नाही. सिस्टरांनी खिडकी लावली, बाळाला आणलं, ठेवलं, चटकन आकडा वाचला. आमची मुलगी उतरली नव्हती; आठव्या दिवसापेक्षा तिचं वजन वाढलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वजन करायला लावलं, मग कागदावरचे शेवटचे तीन आकडे खोडले. माझी बायको जमिनीवर बसली आणि रडली. साडू तिच्यापुढे हात जोडून उभे होते. "धाकटे," ते म्हणाले, "पोरगी बरोबर आहे. दूधही बरोबर आहे. चुकलोय तो मी." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "भावोजी, खीर गार होतेय. तुम्हीही थोडी घ्या."

त्यांनी घेतली नाही. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी काटे घेतलेल्या सगळ्या प्रसूतिगृहांना पोस्टकार्डं लिहिली. उघडी पोस्टकार्डं, पोस्टमननेही वाचावीत अशी. "आपल्याकडील काट्याचे शून्य उष्णतेने सरकते. दोष यंत्राचा नसून माझा आहे. काटा वापरू नये. न्यायला येत आहे." आणि खरोखरच सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधून एकेक काटा ते परत घेऊन आले. मी म्हणालो, पोस्टकार्डाऐवजी पाकीट तरी वापरायचं. तुमचं नाव खराब होईल. ते म्हणाले, "नाव होतं तेव्हाच हे झालं." एका डॉक्टरांनी दारातच त्यांना बरंच सुनावलं, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निघताना दुपट्याचं वजन विचारून आले. उन्हाळ्यापर्यंत सगळे काटे पुन्हा तयार झाले. आत दोन स्क्रू, बाहेर एक खुंटी, दाराच्या कडीएवढी मोठी, आणि तिच्याखाली: "प्रत्येक वेळी रिकामे बघावे. मग बाळ ठेवावे." निम्म्याच लोकांनी काटे परत घेतले. उरलेल्यांतला एक साडूंनी आमच्या मुलीसाठी ठेवला आणि दर रविवारी सकाळी तो सायकलवर घालून आमच्याकडे येऊ लागले. आधी खुंटी फिरवायची, मग अर्धा तास गप्प बसायचं, मग पोरीला ठेवायचं. तिला चालता येऊ लागलं, तशी ती काट्यावर बसेना. तिला शाळेत घातलं, तेव्हा ती काट्यात मावेना. तरी ते येत राहिले, काटा न घेता. आले की अर्धा तास काही बोलत नसत. मी वाचत बसे. मग चहा होई आणि ते कुणाला तरी मिलिव्होल्ट देत.

माणसांना मिलिव्होल्ट देताना मात्र त्यांचं प्रमाण बदललं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. नऊवाल्या मामेसासऱ्यांना त्यांनी पुढे पुढे तीनवर आणलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "मी त्यांना उन्हाळ्यात मोजलं होतं."

मुलगी आता वारज्याला राहते. तेराव्याला ती आली होती आणि ताईंच्या शेजारी बसली होती. गॅरेजला कुलूप आहे. ताईंची तब्येत बरी आहे. रविवारी सकाळी आमच्याकडे कुणी येत नाही, आणि मी वाचत बसतो.